जस्त आणि जड धातूंची विषबाधा : ‘संरक्षण’ या संकल्पनेची चिकित्सा

जस्त मानवी पेशींचे जड धातूंपासून संरक्षण करते, हे विधान जीवरसायनशास्त्रीय लेखनात जवळजवळ गृहीतक म्हणून वावरते. विधान असत्य नाही. मात्र ज्या व्यापक अर्थाने ते केले जाते, त्या अर्थाने ते सिद्धही झालेले नाही.

त्याचा मूलाधार भक्कम आहे. मार्गोशेस व व्हॅली यांनी १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडातून कॅडमियमयुक्त प्रथिन वेगळे केले. तेच पुढे मेटॅलोथायोनिन म्हणून ओळखले गेले. सुमारे साठ अमिनो आम्लांच्या या लहानशा प्रथिनात २० सिस्टीन असून त्यांतील गंधक जस्ताचे सात आयन धरून ठेवते. पेशीत शिरलेले कॅडमियम या जस्ताला हुसकावून त्याची जागा घेते. मोकळे झालेले जस्त एमटीएफ-१ या नियंत्रक प्रथिनास कार्यान्वित करते आणि मेटॅलोथायोनिनची निर्मिती वाढते. शत्रू आल्याची वर्दी जस्तच देते, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु प्रयोगशाळेत जस्त बहुधा आधी दिले जाते व कॅडमियम मागाहून. प्रत्यक्षात मनुष्याच्या शरीरात कॅडमियम वर्षानुवर्षे कणाकणाने साठत असते. शिवाय यकृतात तारक ठरणारे मेटॅलोथायोनिन कॅडमियमसह रक्तात उतरले, की मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशी ते शोषून घेतात. तेथे प्रथिनाचे विघटन होऊन कॅडमियम मोकळे होते व त्याच पेशींना इजा करते. एका अवयवाचे संरक्षण दुसऱ्याला महाग पडते, ही बाब अनेक लेखांत ओझरती येते, हा त्यांचा मोठा दोष होय.

जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यातील ‘इताई-इताई’ रोगाचे उदाहरण येथे बोलके आहे. १९६८ मध्ये शासनाने या रोगाचा संबंध कामिओका खाणीतून आलेल्या कॅडमियमशी जोडला. ती खाण मुख्यतः जस्त व शिशाचीच होती! जस्ताच्या खनिजात कॅडमियम सोबतीला असतेच.

म्हणून जस्ताच्या गोळ्यांची सरसकट शिफारस अवाजवी ठरते. अतिरिक्त जस्ताने तांब्याची कमतरता उद्भवते. अमेरिकेत २००१ मध्ये प्रौढांसाठी दैनिक ४० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठरविण्यात आली, ती याच कारणास्तव. जस्ताच्या अभावाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तांदूळ सडताना त्यातील जस्त बऱ्याच प्रमाणात जाते, कॅडमियम तितके जात नाही. आणि जस्त अपुरे असता आतड्यातून कॅडमियमचे शोषण वाढते, असे प्राण्यांवरील प्रयोग दर्शवितात. भातावर गुजराण करणाऱ्या समाजांत अधिक अभ्यास व्हावयास हवा तो या दिशेने.