गाळून वाचलेली रोजकीर्द

टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधलं ‘डे बुक’ म्हणजे आपली रोजकीर्दच. तारीख, तपशील, व्हाउचरचा प्रकार, क्रमांक, नावे, जमा. एवढ्या रकान्यांत दुकानाचा अख्खा दिवस. ती सरळ वरून खाली वाचली तर हाती फारसं लागत नाही. चहापाण्याच्या खर्चाला खेटून लाखाची विक्री बसलेली असते. एफ४ दाबून ‘क्रेडिट नोट’ निवडली की मात्र त्याच वहीतून वेगळाच मजकूर वर येतो: जे विकलं गेलं, पण विकलेलं राहिलं नाही.

या मजकुराची खुमारी तारखांमध्ये आहे. समजा, नोव्हेंबरात दहा हजारांचा माल गेला. १८ टक्के जीएसटी धरून बिल ११,८०० रुपयांचं. जानेवारीत त्यातला दोन हजारांचा माल परत आला. क्रेडिट नोट निघते २,३६० रुपयांची, आणि तिच्यावर तारीख जानेवारीची. नोव्हेंबरच्या बिलातला एक पैसाही खोडला जात नाही. त्यामुळे फक्त जानेवारी लावून बसणाऱ्याला उत्तर दिसतं, प्रश्न दिसत नाही. दुवा असतो तो नोटेवर लिहिलेल्या मूळ बिलाच्या क्रमांकात. बिल-वाइज हिशेब ठेवणारा अकाउंटंट ‘अगेन्स्ट रेफरन्स’ लावतो तो याचसाठी. ही ताटातूट किती लांबू द्यायची, यालाही हद्द आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे कर कमी करून घ्यायचा तर मूळ विक्रीचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र, जे आधी येईल तोवर नोट दाखवावी लागते.

पुढच्या तारखेच्या बिलांची तऱ्हा याच्या उलट. देखभाल-कराराचं तिमाही बिल आधीच लिहून ‘पोस्ट-डेटेड’ करून ठेवता येतं, पण ती तारीख उजाडेपर्यंत खतावणी त्याची दखल घेत नाही. पार्टीच्या नावे रुपया चढत नाही. आणि अशा व्हाउचरांची यादी ठेवली आहे कुठे? ‘एक्सेप्शन रिपोर्ट्स’मध्ये, उणे गेलेला साठा आणि थकलेली येणी यांच्या पंगतीला! व्यवहार कितीही खात्रीचा असो, घडेपर्यंत हिशेबनिसाच्या लेखी तो अपवादच. ज्याने ही जागा ठरवली त्याला दाद द्यावीशी वाटते.

उणीव एकच, पण बोचणारी. क्रेडिट नोटांची गाळलेली यादी रक्कम सांगते, कारण सांगत नाही. माल परत आला, दरात फरक निघाला की सेवा अपुरी पडली, तिन्ही ओळी दिसायला सारख्या. एफ१२मधून नॅरेशन दिसू दिलं तरच ‘बीइंग’ने सुरू होणारं ते मोडकंतोडकं वाक्य भेटतं, साऱ्या रोजकीर्दीतलं तेवढंच काय ते गद्य. घाईत अकाउंटंट नेमकं तेच कोरं सोडतो, आणि ऑडिटच्या वेळी सीएने कारण विचारलं की पार्ट्यांना फोनाफोनी सुरू होते.