आयरिश झोंपडी : बाहेरून व आंतून

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोळी-शेतकऱ्यांच्या घराची ओळख आपल्याकडील इंग्रजी वाचकांस बहुधा जॉन मिलिंग्टन सिंग या नाटककाराच्या लेखनांतून झालेली असते. १९०७ सालीं निघालेल्या त्याच्या 'आरान बेटें' या पुस्तकांत एका स्वयंपाकघराचें वर्णन आहे : पीटच्या, म्हणजे दलदलींतून कापून वाळविलेल्या जळाऊ मातीच्या, धुरानें तपकिरी झालेल्या भिंती, करडी जमीन, आणि त्यांवर खुलून दिसणारे स्त्रियांचे तांबडे पोशाख. चित्र सुंदर आहे खरें. परंतु तो धूर कोणाच्या डोळ्यांत जात होता, हा प्रश्न तें पाहतांना सुचत नाहीं.

हाच सिंग १९०५ सालीं ग्रेट ब्लास्केट बेटावरही जाऊन आला. त्या बेटाचा रहिवासी टोमास ओ'क्रोहन याचें आत्मचरित्र १९२९ सालीं आयरिश भाषेंत प्रसिद्ध झालें. आयरिश आम्हांस येत नाहीं. रॉबिन फ्लॉवर यांच्या इंग्रजी भाषांतरावरच आमची भिस्त. येथें घर आंतून दिसतें. एकाच खोलीचे कपाट व आडोसा घालून दोन भाग केलेले; खाटांखालीं बटाट्यांची रास; माणसांच्याच छपराखालीं गाय. शाकारलेल्या छपरांत कोंबड्या घरटीं करीत, आणि एकदां तर पिलूं जेवणाच्या टेबलावरच येऊन पडलें! हें सांगतांना लेखकास लाज नाहीं, आणि दारिद्र्याचा डौलही नाहीं. पुढें त्यानें आपलें घर आपल्याच हातांनीं बांधलें. ज्यानें दगड वाहिले, त्याला भिंतीचा रंग वर्णावयास फुरसत नसावी.

हें पुस्तक रुक्ष आहे, असा आक्षेप कोणी घेतल्यास आम्हांस तो मान्य नाहीं. ही रुक्षताच त्याचें बळ आहे. पण एक उणीव मात्र खुपते. घर ज्या बाईच्या जिवावर उभें होतें, ती येथें जवळजवळ मुकी आहे. पत्नीचा मृत्यूही मोजक्या शब्दांत आटोपतो. ही उणीव लग्न होऊन त्याच बेटावर आलेल्या पेग सेयर्स हिनें भरून काढली. तिनें मुलाकडून लिहवून घेतलेलें आत्मकथन १९३६ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें तें आयरिश शाळांच्या अभ्यासक्रमांत नेमलें गेलें आणि अनेक मुलांस त्याचा तिटकारा आला. अध्यापक या नात्यानें आम्हांस त्याचें नवल वाटत नाहीं. सक्ती नसलेल्या वाचकानें तें अवश्य वाचावें. १९५३ सालीं बेट सोडून लोक मुख्य भूमीवर गेले. आज तेथें पाहावयास मुख्यतः पडक्या भिंतीच उरल्या आहेत.