पंचाहत्तर डॉलरची नोट

कार्यक्रमपत्रिकेत 'फ्यूजन' हा शब्द दिसला की मी दाराजवळची खुर्ची धरतो. या प्रकारात बहुधा लग्नाच्या बुफेसारखं होतं. एकाच ताटात नूडल्स, जिलबी आणि मसालेभात शेजारी शेजारी येतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. सतारवाला थांबला की ड्रमवाला सुटतो, दोघं एकमेकांकडे बघून हसतात आणि आपण दोन संस्कृतींचा संगम झाला म्हणून टाळ्या वाजवायच्या.

न्यूयॉर्कच्या 'सेव्हन्टीफाइव्ह डॉलर बिल' या जोडीच्या वाद्यसंगीताला मात्र मी पुढची खुर्ची धरीन. नावाची नोट कुठल्याही बँकेत मिळायची नाही, पण नाणं खणखणीत आहे. चे चेन गिटार वाजवतो आणि रिक ब्राउन ताल धरतो, तोही एका प्लायवुडच्या खोक्यावर. खोक्यावर बसायचं आणि त्यालाच बडवायचं! शाळेत बाकावर ठेका धरला म्हणून ज्यांनी छड्या खाल्ल्या, त्यांनी हे जरूर ऐकावं.

चेन २०१३ साली मॉरिटानियात जाऊन जेश ऊल्द शिगाली यांच्याकडे शिकला. शिगाली तिथल्या पिढीजात गवयांपैकी. तिदिनित नावाच्या तंतुवाद्याची चाल त्यांनी गिटारीवर आणली आणि पाव सुरांसाठी तिला जादा पडदे बसवले. तिथले मोड म्हणजे आपल्या रागांचे लांबचे चुलतभाऊ. मैफलीत ते ठरलेल्या क्रमाने येतात. पुढे गेलं की मागे फिरणं नाही. भैरवीनंतर कुणी पुन्हा यमन धरला तर आपणही चपला शोधू लागतोच की!

ही जोडी तो क्रम पाळत नाही. ती एकाच सुरावटीत ठाण मांडते. गिटार तेच वळण पुन्हा घेते, दरवेळी कणभर निराळं. खोकं खालून रेटत राहतं. ज्याला ख्यालातली बढत ऐकायची सवय आहे, त्याला यात कंटाळा यायचं कारण नाही. ज्याला पाच मिनिटांत ताना हव्यात, त्याने बुफेकडे जावं. इथे रॉक आणि आफ्रिका आळीपाळीने बोलत नाहीत. रॉकचा खरखरीतपणा आणि मोडची शिस्त एकाच तारेतून येतात.

तक्रारी दोन. 'आय वॉज रिअल' (२०१९) या अल्बमला 'द वायर' मासिकाने वर्षातला सर्वोत्तम ठरवलं. पण त्यात पाहुणे वादक बरेच आहेत आणि घर भरलं की यजमानांचं बोलणं नीट ऐकू येत नाही. दुसरी तक्रार मोठी. मॉरिटानियात गिटार गळ्याची सोबत करते; त्या गळ्यात काव्य असतं, घराण्यांच्या आठवणी असतात. इथे सोबत आली, पण गाणारा मागेच राहिला.

मग ही उचलेगिरी का? मला तसं वाटत नाही. खुद्द शिगाली पत्नी नूरा मिंत सेय्माली यांच्या बँडमध्ये ड्रम आणि बेस गिटारीच्या साथीला वाजवतात. उसनवारी दोन्हीकडून चालू आहे. उसनं घेणाऱ्याने सावकाराचं नाव सांगावं एवढीच अपेक्षा, आणि चेन गुरूचं नाव सांगतो. आमच्याकडे चाली उचलणाऱ्या कित्येक संगीतकारांना एवढंही जमलेलं नाही.

आधी 'वुड/मेटल/प्लास्टिक/पॅटर्न/रिदम/रॉक' (२०१६) ऐका. नाव भंगारवाल्याच्या यादीसारखं आहे, त्याकडे दुर्लक्ष करा. लगेच नूराबाईंचा 'त्झेन्नी' (२०१४) लावा, म्हणजे राहून गेलेला गळाही कानावर पडेल.