विहिरीवरील संवाद : ग्रंथ आणि समाज

धर्मग्रंथाचा अर्थ कोशातून लागतो की समाजातून, हा प्रश्न भाषांतरकाराला टाळता येत नाही. 1981 साली बेंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी ख्रिस्ती ईश्वरविचार शूद्राच्या अनुभवातून मांडला जावा, अशी मागणी केली. तेव्हापासून बायबलचे समाजशास्त्रीय वाचन ही आपल्याकडे केवळ पंडितांची बाब उरलेली नाही. या पद्धतीचे बळ आणि तिची मर्यादा योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील एकाच प्रसंगावर तपासून पाहता येतात.

याकोबाच्या विहिरीवर थकलेला येशू एका शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो आणि ती चकित होते. यहूदी व शोमरोनी यांच्यात व्यवहार नसे, असा खुलासा तेथे येतो. काही प्राचीन हस्तलिखितांत तो नाही. परंतु नेमके त्याच वेळी शिष्य त्या शोमरोनी गावात अन्न विकत घ्यावयास गेलेले आहेत! मग व्यवहार नव्हता तो कोणता? मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘एकत्र वापरणे’ असा घ्यावा, म्हणजे दोघांत भांडे सामाईक नसे, असे डेव्हिड डॉब यांनी 1950 साली सुचविले. हा अर्थ सर्वमान्य नाही. पण येशूजवळ पोहरा नाही, हे ती स्त्रीच बोलून दाखविते. प्यावयाचे तर तिच्याच भांड्यातून. आचाराकडे लक्ष जाताच वाक्यातील विसंगती मावळते. हे या पद्धतीचे बळ होय.

मराठी वाचकाला येथे महाड आठवल्यावाचून राहत नाही. नगरपालिकेचा ठराव 1924 सालीच झाला होता. परंतु 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले, तोवर तो कागदावरच होता.

तथापि येथेच सावध व्हावयास हवे. शोमरोनी म्हणजे अस्पृश्य, हे समीकरण मोहक आहे, पण टिकणारे नाही. शोमरोन्यांना स्वतःचे पुरोहित होते, स्वतःचे नियमशास्त्र होते, गरिज्जीम हा त्यांचा पवित्र पर्वत होता. तंटा एकाच वारशावर हक्क सांगणाऱ्या दोघांचा होता. शिवाय अस्पृश्याकडून शिजलेले अन्न विकत घ्यावयास महाडचा कोणता सनातनी गेला असता? महाडला वंचित माणूस पाण्यावर हक्क सांगतो. विहिरीवर मात्र दूर ठेवणाऱ्यांपैकीच एकजण याचक होतो. या फरकातच कथेचे मर्म आहे, आणि समीकरण नेमके तेच पुसून टाकते.

सारांश, समाजशास्त्राने प्रश्न पुरवावेत. उत्तर ग्रंथाच्या शब्दांनीच द्यावे. ‘संबंध नसे’ असे लिहिणारा भाषांतरकार भांडे लपवितो. ‘विटाळ’ लिहिणारा आपली जातिव्यवस्था यहूदीयात नेऊन ठेवतो. ‘एका भांड्याने पीत नसत’ एवढेच लिहावे. मराठी वाचकाला त्यापुढचे सांगावे लागत नाही.