गिऱ्हाईक कुठे आहे?

संशोधनव्यवस्था सुधारायची म्हटलं की आपण लगेच पैशावर येतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च होतो, तो वाढवा! २०२३ मध्ये ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’चा कायदा झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये. पैकी ३६,००० कोटी सरकारबाहेरून, बरेचसे उद्योगांकडून, येतील असं धरलंय. आमचा आक्षेप या गृहीतकावरच आहे. देणाऱ्याला संशोधनाची गरज वाटते का, हा प्रश्न त्यात कुठेच नाही.

आपल्या पाषाणचंच बघा. एनसीएल १९५० सालची. १९८९ मध्ये डॉ. माशेलकर संचालक झाले, त्यांनी पेटंटवर भर दिला, आणि जनरल इलेक्ट्रिकसारखी अमेरिकन कंपनी इथलं पॉलिमरचं ज्ञान घ्यायला आली. अभिमान वाटतोच. पण गिऱ्हाईक परदेशी का? इथल्या कारखानदाराला तोवर बंद बाजारपेठेत जुनंच तंत्र पुरत होतं. ज्ञान होतं, मागणी नव्हती.

आता भोसरीतला छोटा वर्कशॉपवाला घ्या. मालाचे पैसे कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. ते अडकले, की तो बँकेचा हप्ता बघणार की नवं कोटिंग करून बघणार? उत्पादकता वाढायची ती त्याच्याच शॉप फ्लोअरवर ना? प्रकल्पाचे प्रस्ताव लिहायला मात्र त्याच्याकडे माणूस नाही. (आम्ही प्राध्यापक त्यात तरबेज!) म्हणून निधीतला काही वाटा अशा कारखान्यांच्याच हाती द्यावा, आणि कोणत्या प्रयोगशाळेची पायरी चढायची ते त्यांना ठरवू द्यावं.