औंधचे संग्रहालय आणि अस्मितेचा प्रश्न

चित्रकलेतील राष्ट्रीयत्व विषयात शोधायचे की रूपात, हा प्रश्न सातारा जिल्ह्यातील औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात अटळपणे उभा राहतो. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या या संग्रहात रवि वर्मा व धुरंधर यांची चित्रे आहेत, तसेच हेन्री मूर यांचे माता-बालकाचे शिल्पही आहे. स्वतः चित्रकार असलेल्या भवानरावांचे ‘चित्ररामायण’ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. रवि वर्मा-धुरंधरांच्या चित्रांतील पौराणिक आशय स्वदेशी असला, तरी त्यांतील छायाप्रकाश व यथार्थदर्शन युरोपीय अकादमीचे आहे. त्याला निव्वळ अनुकरण म्हणणे अपुरे ठरते. कारण याच चित्रभाषेने पुराणातील व्यक्तींना मानवी देह दिला आणि भूतकाळ दृश्य व सामायिक केला.

खरी विसंगती अन्यत्र आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीही ज्यात होती, त्या औंध संस्थानात याच राजाने १९३९ मध्ये ग्रामपंचायतींवर आधारलेली स्वराज्याची घटना लागू केली. ‘चित्ररामायणा’च्या केंद्रस्थानी आदर्श राजा आहे, तर घटनेच्या केंद्रस्थानी गावकरी. म्हणजेच चित्र हा इतिहासाचा आरसा नव्हे. इतिहास जे मागे टाकू पाहतो, तेही ते जपून ठेवते. अस्मितेचा शोध या अंतरातच घ्यावा लागतो.