निर्दोष सुटला, पण बंदुकीचं काय?

रात्री मक्याची राखण करणारा अक्कलकुव्याचा शेतकरी डोळ्यांसमोर आणा आणि मग ‘दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ (२०१०) हा निकाल वाचा. शेताच्या वादात वडिलांवर घाव झाला, मुलाने गोळी झाडली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवून स्वसंरक्षणाची दहा तत्त्वं सांगितली. हल्ला होत असताना कुणी मोजूनमापून बचाव करत नाही, हे त्यातलं म्हणणं पटतं.

खटकतं ते वेगळंच. दहाही तत्त्वं हल्ल्याच्या त्या घडीबद्दल आहेत; बंदूक कशासाठी बाळगली, हे ती विचारत नाहीत. त्यासाठी शस्त्र कायदा, १९५९ उघडावा लागतो. त्याच्या कलम १३ मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. पण म्हणून कणसं चोरणाऱ्यावर गोळी झाडता येते का? नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ नुसार नुसती चोरी पुरत नाही. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती लागते.

तेव्हा प्रबंधात दोन प्रश्न वेगळे ठेवा: गोळी झाडणं समर्थनीय होतं का? आणि बंदूक जबाबदारीने बाळगली होती का? माझ्या पहिल्या मसुद्यात हीच गल्लत झाली होती.